न फिरणारी भिरभिरी

भिरभिरं म्हणजे फिरायला हवं, एवढी साधी अक्कल व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना नाही, असं बाइंडरचं ठाम मत होतं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्याचा उजवा हात त्याचं ऐकेनासा झाला होता. त्यावर बाईंनी तोडगा काय काढावा, तर रंगीत कागदाला बारीक घड्या घालायच्या, पंख्यासारख्या, आणि तीन पंखे जोडून गोल, न फिरणारं भिरभिरं करून भिंतीवर टांगायचं. रोज एक. "हातही सुधारेल, भिंतही सजेल," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांचं काय जातंय म्हणायला.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती त्याने. घडी म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. आता उजव्याला एक सरळ घडी जमेना. घडी दाबायची लाकडी पट्टी घसरायची, कागद तिरका पळायचा, आणि तो आधी कागदावर, मग बाईंवर आणि शेवटी बायकोवर डाफरायचा.

"अहो, त्या कागदाने तुमचं काय घोडं मारलंय?" बायको म्हणायची आणि पडलेली पट्टी उचलून पुन्हा हातात द्यायची.

पहिली तीन भिरभिरी इतकी वेडीवाकडी झाली की त्यांच्याकडे पाठ करून तो जेवायला बसायचा. पण हळूहळू भिंतीला रूप यायला लागलं. सकाळी घड्या घालून तो कागद जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचा. डिंकाने बोटं बरबटतात म्हणून चिकटवणं आणि टांगणं बायकोकडे होतं. दुपारची झोप काढून तो उठला की नवं भिरभिरं भिंतीवर दिमाखात लागलेलं असायचं. सकाळी तर हे तिरकं वाटत होतं, असं त्याच्या मनात यायचं, पण दाबाखाली कागद बसतो हे त्याला धंद्यातून ठाऊक होतं. माणसाला जे हवं असतं त्याला कारणं आपोआप सापडतात.

अकरावं लागलं त्या दिवशी त्याने धाकट्या भावाला फोन लावला. आजारपणापासून बाइंडिंगचा कारखाना भावानेच सांभाळला होता.

"सोमवारपासून येतोय. कटिंग मशीनवर मीच बसणार."

भाऊ चाचरला. "दादा, पातं आहे ते. हात नक्की बरा आहे ना?"

"येऊन माझी भिंत बघ," बाइंडर ऐटीत म्हणाला.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अजून महिनाभर थांबा की."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," तो म्हणाला.

रविवारी दुपारी सातव्या भिरभिऱ्याचा डिंक सुटला आणि ते खाली पडलं. त्याने उचललं तसा कागद हातात उलगडला. बाइंडरने तो खिडकीपाशी नेला. प्रत्येक सरळ घडीशेजारी दुसरी एक पुसट, तिरकी रेघ होती. मोडलेली घडी कागद विसरत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कुणीतरी त्याच्या घड्या उलगडून पुन्हा घातल्या होत्या.

त्याने भिंतीवरची सगळी काढली. चौथ्यापासून पुढे प्रत्येकात दोन-दोन रेघा. मग पहिलं आणि अकरावं शेजारी ठेवून त्याने स्वतःच्या तेवढ्या रेघा बघितल्या. सारख्याच तिरक्या होत्या. अकरा दिवसांत हात तसूभरही सुधारला नव्हता.

बायको दारात उभी होती. तिला काही विचारावं लागलं नाही.

"तुम्ही जेवत नव्हता नीट," ती म्हणाली. "मला वाटलं, जरा उमेद येईल."

"अगं, उद्या मी पात्याखाली हात घातला असता."

"म्हणून तर म्हणत होते, थांबा."

"थांबा म्हणालीस. का थांबा ते नाही म्हणालीस."

ती रडायला लागली. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती ओकायला समोर होतं कोण, तर दुपारची झोप सोडून त्याच्यासाठी घड्या घालणारी बायको. ते त्याला जास्तच असह्य झालं. त्याने फोन उचलला.

"उद्या येत नाही," तो भावाला म्हणाला. "हात अजून बरा झालेला नाही." हे वाक्य त्याने आजवर कुणापुढेच उच्चारलं नव्हतं. भावाने सोडलेला सुटकेचा श्वास फोनमधून स्पष्ट ऐकू आला, आणि तो त्याला सगळ्यात जास्त झोंबला.

मग तो टेबलाशी बसला. "कागद दे. आणि इथे समोर बस. हात लावायचा नाही."

ती समोर बसली. त्याने पहिली घडी घातली, तिरकी. दुसरी तिच्याहून तिरकी. बायकोची बोटं टेबलावर पुढे सरकली, थबकली. तिने दोन्ही हात मागे घेतले आणि मांड्यांखाली दाबून ती त्यांच्यावर बसली. तिसऱ्या घडीला पट्टी घसरून खाली पडली. तिने डोळे मिटून घेतले, पण हात बाहेर काढले नाहीत. खाली वाकून पट्टी उचलायला त्याला बराच वेळ लागला.