मागच्या रांगेतली कॉपी

शांतवन सरांनी छत्तीस वर्षं परीक्षेत पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि म्हातारपणी ते स्वतःच बायकोला कॉपी पुरवू लागले.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर घरात गुडघे चोळत बसण्यापेक्षा देवाच्या कामाला लागू, असं दोघांनी ठरवलं. नाशिकच्या त्यांच्या चर्चच्या मंडळीनं त्यांना दीड वर्षाच्या सेवेवर पेठकडच्या डोंगरात पाठवलं. सरांची बायको, मार्था सिस्टर, नर्सिंगमध्ये मुरलेली बाई. हजारो बाळांचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलं होतं. पावसात घाट बंद झाला की पाड्यावरची बाळंतपणं घरातच होतात, म्हणून सुइणींना आणि आशाताईंना शिकवायचं: बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं. शिकवायला एक रबरी बाहुली होती, आणि प्रत्येकीला द्यायला तोंडावर मास्क लावून हवा भरायचा एकेक फुगा. मंडळीचा नियम कडक होता. जायचं ते जोडीनं, एकट्यानं कुठंही नाही.

जूनमध्ये सिस्टर विसरू लागल्या. आधी पाठ असलेली वचनं गेली, मग नातवाचं नाव. एकदा भर वर्गात बाहुली हातात घेऊन त्या गप्प उभ्या राहिल्या आणि हरवलेल्या पोरीसारख्या सरांकडे बघू लागल्या. सरांनी मागून स्वतःची छाती चोळून दाखवली. "हां, आधी पुसायचं," सिस्टर म्हणाल्या आणि गाडी सुरू झाली. तेव्हापासून सर मागच्या रांगेत बसू लागले. छाती चोळली की बाळ पुसून पाठ चोळायची, नाकाला बोट लावलं की नाक-तोंड साफ करायचं, हनुवटी उचलली की मान सरळ करून फुग्यानं हवा द्यायची.

मंडळीला कळवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी परत बोलावणं आलं असतं. परत गेल्यावर आपली मार्था खिडकीशी बसून संपेल, या भीतीनं सरांची झोप उडाली होती. तिच्यावर त्यांचा फार जीव. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यांनी दर महिन्याला 'सर्व क्षेम' लिहून पाठवलं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी वर्ग चालू असताना सरपंच खंडेराव आले आणि गावात बसवायच्या पाण्याच्या फिल्टरची जागा दाखवायला सरांना घेऊन गेले. पंधरा मिनिटांचंच काम होतं. सर परतले तेव्हा सिस्टर बाहुलीला पायांनी उलटी धरून तिच्या पाठीवर चापट्या मारत होत्या. पन्नास वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, त्यांना हेच शिकवलं होतं. ती पद्धत केव्हाच मोडीत निघाली, पण सिस्टरच्या डोक्यात आता जुनंच तेवढं शाबूत राहिलं होतं. फुग्याला त्यांनी हातही लावला नाही. बायका मान डोलावत होत्या.

सरांनी तिथंच दारातून सांगायला हवं होतं. पण चारचौघींत बायकोचं हसं होईल म्हणून त्यांनी तोंड मिटलं. पुढच्या गुरुवारी नीट दाखवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पुढचा गुरुवार यायच्या आधीच रविवारी हर्षाली नावाच्या पहिलटकरीण पोरीचं बाळ गेलं. अ‍ॅम्ब्युलन्स घाटात अडकली होती आणि बाळंतपण त्याच वर्गातल्या सुइणीनं, सिंधुबाईनं केलं होतं.

मंगळवारी सकाळी सिंधुबाई सर-सिस्टरच्या खोलीवर आली. ती उंबऱ्यातच बसली.

"हर्षालीची सासू म्हणती, तूच मारलंस. आता कोणी मला दारात उभं करत नाय," ती म्हणाली. "सिस्टर, येकदा परत दाखवा. माझ्या हातून काय चुकलं, तेवढं कळू द्या."

सिस्टरनी उत्साहानं बाहुली काढली आणि सवयीनं सरांकडे पाहिलं.

सरांचा हात छातीकडे निघाला. आता खूण केली की सिस्टर बरोबर दाखवणार होत्या. शिकवणं बरोबर होतं, आपणच चुकलो, असं सिंधुबाई धरून चालणार होती. पुढची बाळं वाचली असती, मार्थाची लाज राखली गेली असती, आणि त्या बाळाचं मरण या गरीब बाईच्या कपाळी जन्मभर चिकटलं असतं. सरांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

सिस्टर क्षणभर थांबल्या. मग त्यांनी बाहुलीचे पाय पकडले, तिला उलटी केली आणि चापट्या मारू लागल्या.

"आसंच केलं व्हतं मी!" सिंधुबाईला रडू फुटलं. "अगदी आसंच!"

"मग तू बरोबर केलंस बाई," सिस्टर म्हणाल्या.

"नाही," सर म्हणाले. "सिंधुबाई, हे चूक आहे. फुगा वापरायला हवा होता. सिस्टरना आता आठवत नाही. तुमचा काही दोष नाही."

सिंधुबाईनं पदरानं डोळे पुसले. "तुमाला ठावं व्हतं?"

"हो. त्याच दिवशी दारातून पाहिलं होतं."

ती ओरडेल असं सरांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठून उभी राहिली.

"मग चला. हर्षालीला तुमच्या तोंडानं सांगा. माझं कोण ऐकतंय?"

सरांनी चपला घातल्या. "मार्था, तू थांब घरी. मी येतो जाऊन."

पण सिस्टरनी तोवर पदर खोचला होता आणि बाहुली टॉवेलात नीट गुंडाळून छातीशी घेतली होती.

"अहो, एकट्यानं जायचं नसतं आपल्याला," त्यांनी हसून सरांचा हात धरला. मग त्या सिंधुबाईकडे वळल्या. "कुणाकडे बाळ झालंय गं?"