देवरूखची मावशी

“पोट आत घे गो! नि हलू नको, पिन टोचेल,” सगुणाकाकू म्हणाली.

समीक्षाने श्वास रोखला. शाळेच्या नाटकात आईचं काम मिळालंय, अशी थाप मारून तिने शेजारच्या काकूला साडी नेसवायला बोलावलं होतं. साडी आईचीच होती, जांभळी.

खरं म्हणजे नाटकबिटक काही नव्हतं. नववी ‘ब’ची पालकसभा होती.

आई गणपतीनंतर दोन दिवसांसाठी म्हणून देवरूखला माहेरी गेली, ती दिवाळी तोंडावर आली तरी परतली नव्हती. भांडण कशावरून झालं, ते समीक्षाला दोघांपैकी कोणीच सांगितलं नव्हतं. वडील हरिश्चंद्र मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना सभेचं विचारलं, तर ताटातून मान वर न करता म्हणाले, “मी नाय येत. तुझी आई कुठं हाय विचारलान बाईंनी, तर काय सांगू?”

म्हणून समीक्षाने मावशी व्हायचं ठरवलं. तिला मावशी नव्हतीच, त्यामुळे खरीला कोणी ओळखत असण्याची भीती नव्हती. तोंडाला मास्क लावला, डोळ्यांवर सगुणाकाकूचा वाचायचा चष्मा चढवला. त्या चष्म्यातून रोजच्या शाळेचा रोजचा जिना असा काही दिसायला लागला, की ती दोनदा अडखळली.

वर्गशिक्षिका नम्रताबाईंनी वर पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिल्या. मग समोरची खुर्ची दाखवली.

“बसा. आपण?”

“समीक्षाची मावशी. देवरूखची,” समीक्षा घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि वर थोडं खोकली. “तिची आई जरा आजारी आहे.”

“अरेरे.” बाईंच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा झाला. “गणितात चांगली आहे तुमची भाची. पण हल्ली कोणाशी बोलत नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटीच जिन्यामागे बसते.”

“भात चिकट होतो तिचा. मुली हसतात.”

“स्वयंपाक ती करते?”

“मग कोण करणार? पप्पा सकाळीच जातात. पाणी किती घालायचं, ते सांगायला पण कोणी नाही.” घोगरा आवाज कधी गळून पडला, ते तिला कळलंच नाही.

“आईला फोन करून विचारावं ना तिने.”

“करते की. आई विचारते, जेवलीस का? ती म्हणते, हो. मग दोघी गप्प. तू कधी येणार, हे विचारायचं राहूनच जातं.”

मास्कमुळे चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती. समीक्षाने त्या पदराने पुसल्या, पण डोळ्यांपुढचं काही स्वच्छ झालं नाही. बाईंनी वही पुढे सरकवली. “इथे सही करा.”

समीक्षाने आपल्या वळणदार अक्षरात ‘समीक्षा’ असं लिहिलं. पूर्ण लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

बाईंनी वही शांतपणे मिटली.

“मावशी, भाचीला एक सांगाल? सोमवारपासून मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर जेवायला यायचं. भात कसाही असू दे.”

“सांगते,” समीक्षा म्हणाली आणि निऱ्या मुठीत धरून उठली.

घरी आली तेव्हा सकाळची भांडी तशीच पडली होती. साडी सोडायचाही तिला कंटाळा आला. पदर कमरेला खोचून ती दाराकडे पाठ करून भांडी घासायला उभी राहिली. थोड्या वेळाने बाहेर पप्पांच्या चपला वाजल्या आणि उंबऱ्याशी येऊन एकदम थांबल्या.

“आलीस?”

पप्पांचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. हळू, जरासा घाबरलेला.

आपल्याला ते असं कधीच विचारत नाहीत, हे तिला लगेच कळलं. नळ वाहत होता. हातातलं ताट तसंच पाण्याखाली धरून ती उभी राहिली. वळली नाही.