एकाच पाकिटातली दोन कार्डं

"डुलकी दिन!" तारीखबाई केबिनमधून बाहेर आल्या त्याच मुळी हे शब्द थुंकत. "म्हणे जागतिक डुलकी दिन! जनाची नाही तर मनाची तरी ठेवा रे मेल्यांनो!"

मागून नव्या संपादकसाहेबांचा आवाज आला, "बाई, दार लावून घ्या." बाईंनी दार सताड उघडं टाकलं. त्या कुठलंच दार कधी लावत नसत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. एसीची हवा बाहेर जाते म्हणून रोज एकदा तरी त्यावरून खटका उडायचा. पण आजचा रागच वेगळा होता.

तारीखबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बावीस वर्षं त्या वर्तमानपत्रात एकच काम करत होत्या, म्हणून ते चिकटलं. पान सहा, डावा खालचा कोपरा, दिनविशेष, पाच ओळी. त्यांच्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात बुटांचे बारा रिकामे खोके होते, महिन्याला एक. खोक्यात तारखेगणिक एक पाकीट आणि पाकिटात कार्डं. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे तह झाला, कुठे पूल पडला. अलीकडे त्यात चमचा दिन, मिशी दिन, शेजाऱ्याशी-बोला दिन असलं खोगीरभरतीचं सामानही येऊन पडलं होतं. कॉम्प्युटर सगळ्यांकडे होता, पण 'अमुक तारखेला काय झालं?' असं कुणी ओरडलं, की कॉम्प्युटर उघडेपर्यंत बाईंचं कार्ड बाहेर आलेलं असायचं.

जुन्या संपादकांनी पहिल्याच दिवशी त्यांना एक नियम घालून दिला होता. "दोन ठिकाणी छापून आलेलं सापडलं तरच कार्ड करायचं. लोक काय म्हणतात ते लोकांपाशी." बाईंनी तो नियम जिवापाड पाळला. मोडला तो एकदाच, तोही स्वतःच्या घरासाठी.

कारण या महिन्याच्या एकोणीस तारखेच्या पाकिटातलं एक कार्ड घरचं होतं. 'गाद्यांच्या कारखान्यात आग. चौदा कामगार स्त्रियांचा मृत्यू.' एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या चौदांत बाईंची ताई होती, वय वर्षं तेवीस. ताईचं शिलाईचं मशीन दाराला लागून होतं. आगीत दार उघडलं नाही. पुढे चौकशी झाली आणि दोन वर्तमानपत्रांत छापून आलं की दाराला आतून कडी होती. झालं! दाराशी कोण बसायची? ताई. मग कडी कुणी घातली? ताईनेच. गल्लीतल्या बायका तोंडावर हळहळायच्या आणि पाठ फिरली की म्हणायच्या, "स्वतः गेली ती गेली, तेरा जणींना घेऊन गेली."

आगीतून एकच मुलगी खिडकीतून उडी मारून वाचली होती. ती वर्षभर सांगत फिरली की कडी नव्हती, बाहेरून कुलूप होतं, रोजच असायचं. तिचं कुणी छापलं नाही. म्हणजे नियमाप्रमाणे कार्डावर कडी लिहायला हवी होती आणि कुलूप लिहिता येत नव्हतं. बाईंनी दोन्हींपैकी काहीच लिहिलं नाही. दर वर्षी त्या एकोणीस तारखेला ती कोरडी ओळ छापून यायची आणि सकाळी आई विचारायची, "आली का गं?" बाई वाचून दाखवायच्या. आई तो तुकडा कात्रीने कापून डब्यात ठेवायची. बस्स. एवढंच काय ते ताईचं वर्षश्राद्ध.

आणि आज नवे साहेब म्हणत होते, ती ओळ काढा.

"का म्हणून?" बाईंनी विचारलं होतं.

साहेबांनी खुर्ची गर्रकन फिरवली होती. वयाने पस्तिशीचे, तोंडात साखर आणि डोळे फोनवर. "एकोणीसला त्या कारखान्याच्या मालकांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. शेवटचं पान पूर्ण त्यांची जाहिरात. शिवाय त्यांची कंपनी त्या दिवशी जागतिक डुलकी दिन सुरू करतेय. दुपारी लोकांनी ऑफिसात गाद्या टाकून वीस मिनिटं झोपायचं, फोटो पाठवायचे, बक्षीस. मस्त कल्पना आहे. तर दिनविशेषात एक ओळ वाढदिवसाची, एक डुलकीची. आणि ते आगीचं नको. सकाळी सकाळी लोकांना मेलेली माणसं नको असतात, बाई."

"काल तुम्हीच भूकंप छापलात की! नऊ हजार मेले त्यात."

"तो लांबचा होता," साहेब म्हणाले.

लांबचा होता! बाई टेबलाशी येऊन बसल्या तरी त्यांचे कान तापलेलेच होते. माणसं लांब मेली की इतिहास, आणि जवळ मेली की अडचण, असा यांचा हिशेब. ज्या कारखान्यात चौदा पोरी जळून कोळसा झाल्या, त्याने आता जगाला डुलक्या काढायला शिकवायचं, तेही त्याच तारखेला, आणि ते लिहायचं कुणी? ताईच्या पाठच्या बहिणीने! जखमेवर मीठ चोळतात ते निदान परके असतात. इथे मीठही आपणच दळून द्यायचं!

साहेबांनी मालकांची ओळ लिहिण्यासाठी त्यांचा गौरवग्रंथ दिला होता. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, उशीएवढा जाड. बाईंना तो खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला. पण बावीस वर्षांची खोड जाते कुठे? छापील दिसलं की वाचायचं. पेन्सिल हातात घेऊन त्या पानं उलटू लागल्या. बालपण, कष्ट, दूरदृष्टी, परदेशवारी. स्वतःच पैसे देऊन स्वतःची आरती करवून घ्यावी ती कशी, याचा तो नमुना होता.

एकेचाळिसाव्या पानावर त्यांची पेन्सिल थांबली.

'शिस्त हा मालकांचा प्राण. कारखाना सुरू केला त्या दिवसापासून कामाच्या वेळेत शिलाईखात्याच्या दाराला बाहेरून कुलूप असे आणि त्याची किल्ली मालकांच्या खिशात. ती त्यांनी कधीही दुसऱ्याच्या हाती दिली नाही. स्वतःच्या वाढदिवशीही त्यांनी कारखाना बंद ठेवला नाही. त्या दिवशी फक्त बारा ते दोन ते घरी जेवायला जात. पहिली पंधरा वर्षं हा नेम चुकला नाही.'

बाईंनी परिच्छेद तीनदा वाचला. मग त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर मालकांची जन्मतारीख लिहिली आणि सवयीने ते एकोणीस तारखेच्या पाकिटात सरकवलं. सरकवता सरकवता त्यांचा हात तिथेच राहिला. एका पाकिटात दोन कार्डं एकमेकांना चिकटून उभी होती. एकावर वाढदिवस आणि दुसऱ्यावर आग. आगीच्या कार्डाच्या पाठीवर त्यांच्याच अक्षरात, जुन्या बातमीवरून टिपलेलं, 'दुपारी सव्वा वाजता.'

बारा ते दोन, आणि सव्वा वाजता.

कारखाना तेव्हा सहा वर्षांचा होता. म्हणजे पंधरांतलंच ते वर्ष. मालक घरी पाटावर बसून गोडधोड खात होता, किल्ली त्याच्या खिशात होती, आणि ताई दार बडवत होती. एकतीस वर्षं त्या पोरीच्या माथी कडी मारली होती या लोकांनी. आणि आता निर्लज्जासारखं स्वतःच छापून, सोनेरी बांधणी करून वाटत सुटले होते, कारण कुलूप ही त्यांच्या लेखी शिस्त होती. त्यांना लपवावंसंसुद्धा वाटलं नव्हतं!

"अरे तुमच्या शिस्तीला काडी लावली!" बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पलीकडच्या टेबलावर चहा सांडला.

पण पुरावा एकच झाला. दुसरा? बाई तरातरा पानं लावणाऱ्याकडे गेल्या. पानवाला हा ऑफिसातला त्यांच्याइतकाच जुना माणूस, कमी बोलणारा. "शेवटच्या पानाची जाहिरात आली का? दाखव."

त्याने पडद्यावर पान उघडलं. मालक हसत होते. हातात साखळीला लावलेली जुनी पितळी किल्ली. खाली मोठ्या अक्षरांत, 'शिलाईखात्याच्या दाराची हीच ती किल्ली! पहिल्या दिवसापासून यांच्याच खिशात!'

"आता झाले दोन," बाई म्हणाल्या.

त्या परत आल्या आणि लिहायला बसल्या. स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. शिवी द्यायला हात शिवशिवत होता, पण शिवी दिली की लोक शिवीच बघतात. नेहमीच्या पाच ओळींतल्या एका खगोलशास्त्रज्ञाला त्यांनी यंदा रजा दिली, एका तहाला दिली. डुलकी दिनालाही जागा उरली नाही. साहेब जाता जाता डोकावले. "मालकांची ओळ आली ना, बाई?"

"आली. एक म्हणालात, मी चांगल्या दोन दिल्यात."

"वा! असं पाहिजे," साहेब म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले. दिनविशेष वाचायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

पानवाल्याने मात्र वाचलं. दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर चढवून त्याने बाईंकडे पाहिलं. "बाई, नोकरी जाईल."

"कुलपाचा शब्द न् शब्द त्यांच्याच पुस्तकातला आहे. पान नंबर दिलाय. चूक असेल तर सांग, आत्ता काढते."

पानवाल्याने चष्मा खाली घेतला. "चूक नाही," तो म्हणाला, आणि पान छपाईला सोडलं.

एकोणीस तारखेला सकाळी आई नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. घराचं दार नेहमीसारखं उघडं होतं. थंडी असो, धूळ असो, एकतीस वर्षं त्या घराचं दार आई जागी असेतो उघडंच असे. ताई लहान असताना ती आतबाहेर पळायची आणि आई दिवसातून वीसदा ओरडायची, "दार लावून घे गं!" पोरीला सवयच लागून गेली. कुठल्याही खोलीत शिरली की आधी वळून दार लावायची. कडीची बातमी छापून आली त्या दिवशी आईने ती ऐकली आणि एवढंच म्हणाली, "मीच लावली तिला ती सवय." त्यानंतर 'दार लाव' हे शब्द तिने पुन्हा कधी उच्चारले नाहीत. बाईंनाही कुठलं दार लावायचा धीर होत नसे.

"आली का गं?" आईने विचारलं.

"आलीय. यंदा मोठी आहे. नीट ऐक."

बाईंनी वाचलं. 'गादी कारखान्याच्या मालकांचा जन्म. कामाच्या वेळेत शिलाईखात्याच्या दाराला बाहेरून कुलूप आणि किल्ली त्यांच्या खिशात, ती दुसऱ्या कुणाला दिली जात नसे. (गौरवग्रंथ, पान ४१, आजच्या अंकाचं शेवटचं पान.) वाढदिवशी ते बारा ते दोन घरी जेवायला जात, पहिली पंधरा वर्षं हा नेम चुकला नाही. (पान ४१.) कारखाना सुरू झाल्यानंतर सहाव्या वर्षी, त्यांच्या वाढदिवशी, दुपारी सव्वा वाजता शिलाईखात्यात आग. दार उघडलं नाही. चौदा स्त्रियांचा मृत्यू.'

टेबलावरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर साहेबांचं नाव होतं. बाईंनी तो उचलला नाही.

"कुलूप बाहेरून होतं?" आईने विचारलं.

"बाहेरून."

"त्यांनीच लिहिलंय?"

"त्यांनीच लिहिलंय, आई. छापून."

आईने हात पुढे केला आणि पेपर मांडीवर घेतला. कात्री शोधली नाही. तिला अक्षरं आता दिसत नसत, तरी त्या डाव्या कोपऱ्यावरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"मेल्याने एकतीस वर्षं माझ्या लेकीच्या नावावर खपवलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. मग तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"दार लावून घे गं," आई म्हणाली. "गार वारा येतोय."