पूजेचे खांब

एकच तार, केसाएवढी, ओली... वसुधाने ती चिमट्यात धरून ओढली, तर ती येतच राहिली, येतच राहिली, आणि मशीनच्या पात्यांमागे कुठेतरी अडकून तटकन तुटली. टोकाला कुंकू होतं.

म्हणजे खांब अख्खा घातला, कुंकवासकट! मुलुंडच्या या सोसायटीत कचरा बारीक करून खत करायचं मशीन यावं म्हणून ती किती जिने चढली होती, किती जणांची तोंडं पाहिली होती... शाळेतून निवृत्त झाल्यावर तिचं स्वतःचं म्हणावं असं हेच एक. केळीचा खांब वीतवीत कापून घालायचा, नाहीतर धागे दांड्याला गुंडाळतात, हे ती ओरडून ओरडून सांगत आली होती. आणि कालच्या सत्यनारायणाचा खांब आज सकाळी उभाच्या उभा आत सोडला कुणी, तर तिच्याच नवऱ्याने, मार्तंडांनी. मदत म्हणून.

"अगं, पूजेचा खांब तो. त्याला कोयता कसा लावायचा?"

"आणि मशीन काय फुलं वाहणार होतं त्याला?"

"मशीनचं वेगळं ना. आपल्या हातून तर नाही होत."

आपल्या हातून नाही! सगळा संसार याच वाक्यावर चालला — मुलाला, ओजसला, रागवायचं तर तिने, सासूबाईंची श्वासाची नळी काढा म्हणून डॉक्टरांना सांगायचं तर तेही तिनेच, आणि हे बाहेर बाकावर, हात जोडून, स्वच्छ... संताप संताप झाला तिचा. वर सेक्रेटरी श्यामकांत मघाशी ऐकवून गेले होते, "वहिनी, संध्याकाळच्या मीटिंगला खांब घालून दाखवा. नाही चाललं तर भंगारात देऊ या, उगाच जागा अडते."

तिने पुन्हा धागा ओढला. पुन्हा तुटला. ओढू नको गं, उलगड — आई म्हणायची, परसदारी बसून, केळीचं सोपट, खोडाची वाळकी साल, भिजवून अबोलीची वेणी करताना, आणि वसुधा तेव्हाही ओढायचीच... तिने चिमटा ठेवला. बोटांनी, उलट्या बाजूने, एकेक वेढा सोडवत गेली. दुपार कलली तेव्हा दांडा मोकळा फिरला.

आता उरलेले तीन खांब. मार्तंड चहा घेऊन आले होते, कप धरून नुसते उभे.

"राहू दे ना. ते तलावात सोडून येऊ."

"आणि संध्याकाळी मशीनमध्ये काय घालू, माझं डोकं?"

तिने खांब आडवा केला, कोयता उचलला. खांबावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती, काल तिनेच ओढलेली, अजून ओली वाटावीत अशी. एक घाव, बस. सासूबाईंच्या वेळी ती कुठे अडखळली होती? की अडखळली होती, आणि पाहणारं कुणी नव्हतं?

"वसुधा..." मार्तंड म्हणाले. ते तिच्या पायांकडे पाहत होते.

तिने खाली पाहिलं. कोयता वर तसाच होता, आणि पाय उघडे, ओल्या फरशीवर. चपला बाजूला, देवळाबाहेर काढाव्यात तशा, नीट, जोडीने ठेवलेल्या. कधी काढल्या, तिला आठवेना.