पावणेतीन मीटरचा बोळ आणि मी

मी एक जुना हातपंप आहे, मित्रांनो. तोक्योच्या पूर्वेला एका बोळातल्या विहिरीवर माझा जन्म गेला. ओतारखान्यातून आलो तेव्हा हिरवागार होतो. आता रंगापेक्षा गंजच जास्त. एकदा बोळात आग लागली, तेव्हा सातही घरांनी रांग करून माझं पाणी हातोहात नेलं. त्यानंतर वर्षभर माझं कौतुक चाललं. पुढे नळ आले आणि मी कुंड्यांपुरता उरलो.

समोरच्या तात्सुएआजींचं घर कलू लागलं. पाडून नवं बांधावं, तर नियम आडवा आला: रस्ता चार मीटर हवा, नाहीतर घर मागे सरकवा. घर मुळात एवढंसं. मागे सरकवलं असतं तर न्हाणीघरच हाती राहिलं असतं. मुलगी तर त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाविसाव्या मजल्यावर न्यायला टपलीच होती.

यंदा नियम सैल झाला. आगीला दाद न देणाऱ्या भिंती बांधू, बोळ मोकळा ठेवू, असं सातही घरांनी सहीचे शिक्के मारून कबूल केलं, तर पावणेतीन मीटरही चालणार होते. मुदत मार्चअखेरची. कागद घरोघर फिरला आणि माझ्या शेजारच्या ओगिनोंकडे अडकला. दोन महिने कोणी त्यांना विचारलं नाही. विचारणं म्हणजे तगादा लावणं, असं इथलं वळण. सगळे वाकून नमस्कार करत आणि हवापाण्याचं बोलत. मला त्या सभ्यतेचा राग येई.

शेवटी आजींनीच दार वाजवलं.

"ओगिनोसान, माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो. पंपापाशी बोळ वीतभर कमी भरतो. तो उपटावा लागेल. ज्यानं माझं घर वाचवलं, त्याच्याच मुळावर उठू?"

"घर रांगेतल्या माणसांनी वाचवलं. मी तुमच्या मागेच उभी होते." आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी त्या बाविसाव्या मजल्यावर गेले, की पंपाशी गप्पा मारणार आहात का?"

ओगिनोंनी शिक्का मारला. अट एकच घातली. विहीर बुजवताना मीठ आणि साके ही तांदळाची दारू वाहायची आणि पाण्याच्या देवाला श्वास घेता यावा म्हणून बांबूची नळी रोवायची. तसंच झालं.

उपटलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आता मी ओगिनोंच्या परसात पडून असतो. सकाळी आजी नव्या दारातून हाक मारतात आणि ओगिनो आतूनच ओ देतात.

मित्रांनो, जुन्या लोखंडाला जपा, अधूनमधून तेलही घाला. पण जागा कमी पडली, तर आधी माणूस ठेवा. आणि शेजारी गप्प झाला, तर दोन महिने थांबू नका.