टकल्या मधमाशीचं काय होतं

"मधमाशीला वॅक्सिंग केलं तर काय होईल?"

अस्वलीने विचारलं. पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि वर्गात माहिती द्यायला आलेला मधमाशीपालक तिचा सख्खा बाप होता. सगळे फिदीफिदी हसले, कारण अस्वलीच्या हातांवरचे केस मागच्या बाकावरूनही दिसायचे. 'अस्वली' हे नाव काही घरच्यांनी ठेवलेलं नव्हतं. बाईंनी डोळे वटारले. बाबा मात्र कुणी भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतके शांत.

"पिल्लं उपाशी मरतील," ते म्हणाले. "त्यांचं खाणं म्हणजे परागकण, आणि ते केसांनाच चिकटतात. म्हाताऱ्या माश्या झडून झडून टकल्या होतात, मग फुलात लोळल्या तरी फारसं हाती लागत नाही."

"आणि मधात पडली तर?"

"मग तेच केस नडतात. पण बाकीच्या तिला चाटून साफ करतात."

"ईऽऽ," वर्ग एकसुरात म्हणाला.

अस्वलीचं घरच मुळात त्रांगडं होतं. गच्चीवर बाप पेट्यांमध्ये केसाळ माश्यांना पोसायचा, तळमजल्यावरच्या पार्लरमध्ये आई केस उपटायची आणि मधल्या मजल्यावर अस्वली राहायची. पार्लरच्या नव्या पाटीसाठी उद्या फोटो निघणार होता. मॉडेल घरचीच, म्हणजे फुकट. अस्वलीनेही हो म्हटलं होतं: एकदा गुळगुळीत झालं की चिडवणाऱ्यांची तोंडं कायमची बंद.

"हात पुढे," शाळेतून आल्या आल्या आई म्हणाली. साखर, लिंबू आणि बाबांचा मध आटवून तिने घट्ट पाक केला होता. पाक थापायचा, वर कापडाची पट्टी दाबायची आणि खस्सकन ओढायची. डावा हात झाला तेव्हा अस्वलीला पूर्वज आठवले.

"सुंदर दिसायचं तर सोसावं लागतं."

"पाटी तुझी, सोसायचं मी?"

"जास्त शहाणपणा नको. दुसरा."

उजव्या हातावर पाक थापला गेला आणि खिडकीतून एक मधमाशी आली. वासावर थेट पाकात उतरली ती पंख, पाय, केस, सगळ्यासकट रुतली.

"हलू नकोस," आईने पट्टी उचलली. "पट्टीबरोबर तीही निघेल."

"आई, पट्टी खाली ठेव."

आईने ठेवली नाही, म्हणून अस्वली हात ताटासारखा समोर धरून गच्चीकडे पळत सुटली. मागे पट्टी घेऊन आई. बाबांनी कोमट पाणी सोडत सोडत माशी मोकळी केली आणि अलगद पेटीच्या दाराशी ठेवली. आतून चार बहिणी आल्या. नावं ठेवणं नाही, टोमणे नाहीत. सरळ चाटायला लागल्या. थोड्या वेळाने माशीचे केस सुटे झाले, तिने अंग झटकलं आणि ती काही झालंच नाही अशा तोऱ्यात आत गेली.

अस्वलीच्या हातावरचा पाकही धुऊन निघाला होता. केस जिथल्या तिथे, उन्हात चमकत.

"चल खाली," आई म्हणाली. "पाक परत गरम करते. एक हात असा, एक तसा. लोक हसतील."

"आत्ता काय रडतात का?"

बाबांनी हसू लपवायला पेटीत डोकं घातलं.

"बाबा, तुम्हीही ऐका. उद्या फोटो निघेल, आणि दोन्ही हात समोर धरून निघेल. डावा पार्लरला दिला. उजव्याला कुणी पट्टी लावायची नाही. आणि डावा परत उगवला की तोही माझा."