डोमाजीच्या वावरातली फायनल

तं राजेहो, दोन हजार दोनचा जून. तिकडं जपान-कोरियात वर्ल्डकप सुरू, आन् इकडं तळेगावच्या प्रफुलच्या डोक्यात एकच भूत: फायनल आपल्या गावात झाली पाह्यजे! चार गावांच्या टीमा. तळेगाव ब्राझील, आष्टी जपान, आन् फायनलले हेच दोघं. आष्टीचा गोलकीपर पांढुर्ण्याचा, म्हंजे मध्य प्रदेशचा, म्हून प्रफुलनं फळ्यावर लिहूनच टाकलं, 'आंतरराष्ट्रीय'!

आष्टीचा कप्तान अनुप अडून बसला. "तुमच्यात स्टेडियम कुठी हाय बे?"

"येऊन तं पाह्य. नाई दिसलं तं फायनल घेऊन जाजो आष्टीले!"

स्टेडियम म्हंजे डोमाजीचं वावर, पेरणीसाठी वखरून ठेवलेलं शेत. "पाऊस येईस्तोर खेळा," म्हने डोमाजी. पोट्ट्यांनी बांबू गाडले, चुना नव्हता तं कुदळीनंच लायनी ओढल्या, खुंटीले दोरी बांधून मधात हा मोठा गोल काढला.

फायनलच्या सकाळी आष्टीचा ट्रॅक्टर येऊन थांबला, आन् प्रफुल वावराकडं पळत सुटला. डोमाजीची बायको पंचफुला चार बायांसंग वावरात, ओट्यात सरकी! पावसाच्या आंधी धुळीत पेरतात नं, तशी पोट्ट्यांच्याच लायनीलायनीनं पराटी, म्हंजे कापूस, लावून मोकळी!

"काकू, हे काय केलं वो?"

"काय म्हंजे? तुह्या काकानं लायनी मारल्या, मी सरकी टाकली."

"अवो, पन मधात गोल होता नं!"

"मले वाटलं, ह्या मानसाच्या हातानं लायन सरळ येतेच कवा?"

डोमाजी बायकोले सांगाचंच इसरला होता. तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, खाली मान घालून उभा.

अनुप खो-खो हासला. "चाला रे, बसा ट्रॅक्टरवर!"

प्रफुलनं हातच जोडले. "काकू, फायनल जाते वो गावातून!"

पंचफुलानं ट्रॅक्टरकडं पाह्यलं, प्रफुलच्या तोंडाकडं पाह्यलं. "खेळा. पन लायनीवर पाय पडला, तं तंगडी तोडून हातात देईन. दोनी गावच्यांची!"

"आमी काय भेतो?" म्हनत अनुपबी उतरला.

मंग काय सांगू! लायन आली का जो तो उडी मारे, जसं खाली लेकरू झोपलं हाय. बाया धुऱ्यावरून वरडून राह्यल्या, "पाय उचल रे मेल्या!" गोल काई होईना. शेवटी अनुप सगळ्यांले चकवून निघाला. तळेगावचा गोलकीपर आडवा, समोर मोकळं मैदान. मारनार, तं पायाखाली लायन! गड्यानं अशी उडी घेतली का पल्याड तोंडावर आपटला. बॉल तिथंच. प्रफुलनं तो देला भिरकावून.

"गोल धरा!" आष्टीवाले वरडले. "कायचा गोल बे?" तळेगाववाले. नुसता गोंधळ!

पंचफुला लायनी टाळत मधात आली. "धरा गोल. पोट्टं आपटलं, पन माही सरकी नाई तुडवली."

झालं! तिच्यापुढं कोन बोलते? ब्राझील हारली.

प्रफुलनं भीत भीत इचारलं, "मंग... पुढच्या सालची फायनल?"

अनुप गुडघे झटकून राह्यला होता. "इथीच घेऊ. असा रेफ्री आष्टीत कुठून आनू बे?"

"कोन जितलं रे?" इतका वेळ खाली मान घातलेल्या डोमाजीनं धुऱ्यावरून इचारलं.

"तळेगाव!" प्रफुल बोंबलला, आन् हारलेली ब्राझील नाचत सुटली.